उबवणीच्या कपाटाचा मुकादम

आत्याला नको ती वस्तू डोळ्यांसमोर खपत नसे. फुटका कप दिसला की तो उकिरड्यावर, विटकी चादर दिसली की तिची फडकी, आणि पाहुणा कामावाचून बसलेला दिसला की त्याच्या हातात केरसुणी. लोक म्हणत, ही एवढ्यासाठीच बिनलग्नाची राहिली. नवरा म्हणजे घरात वाढीव सामान. पण हे तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नात्यानं ती भावाच्या पोरांची आत्या, पण पोस्टमनपासून वाण्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. भाऊसुद्धा कधीमधी चुकून म्हणून जायचा आणि मग जीभ चावायचा.

तिचं आयुष्य गेलं तिकीट यंत्रांच्या कारखान्यात. कंडक्टरच्या गळ्यात लोंबतं ना, ते यंत्र. त्याच्या पोटात तळहाताएवढा कॉम्प्युटर असतो आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल असतो. आत्या त्या कर्नेलची कापाकापी करायची. गल्लीतल्या बायका विचारत, "म्हणजे नेमकं काय हो करता?" तर ती सांगे:

"कर्नेल म्हणजे मुकादम. कामावर मालक काय प्रत्येक मजुराशी बोलतो? तो मुकादमाला सांगतो, आणि मुकादम ज्याला त्याला नावानं हाक मारून काम करून घेतो. कळ दाबली, की छापणाऱ्याला हाक. अंधार झाला, की दिव्याला हाक. आता बाजारात तयार मुकादम मिळतो, त्याला जगातल्या झाडून सगळ्या मजुरांची नावं पाठ. कॅमेरे काय, माइक काय, पोरांची खेळणी काय. उठला की आधी एकेकाच्या नावानं ओरडत बसतो, आणि त्यातले बोटावर मोजण्याइतकेसुद्धा आपल्याकडं नसतात. एवढा जाडा मुकादम एवढ्याशा यंत्रात मावायचा कसा? म्हणून मी त्याला विसरायला शिकवते. बाबा रे, फक्त आपली माणसं लक्षात ठेव."

शेजारीण म्हणाली, "म्हणजे सासूला गप्प करण्यासारखंच झालं."

"तसंच," आत्या म्हणाली, "फक्त हे जमतं."

पुढं कारखाना बंद पडला आणि आत्या एक पत्र्याची ट्रंक घेऊन भावाकडं राहायला आली. ट्रंकेत दोन साड्या आणि बाकी सगळे हिरवे बोर्ड, वायरी, पेचकस. भाऊ म्हणाला, "दुसऱ्याचं सामान फेकतेस, आणि स्वतःचं हे भंगार?" तर म्हणे, "हे सामान नाही, हे हत्यार आहे."

भावाच्या घरामागं पत्र्याची लांबलचक शेड होती आणि शेडमध्ये होती हॅचरी. हॅचरी भावाच्या नावावर, पण चालवायची वहिनी. आडव्या बांध्याची, मोठ्यानं हसणारी, दोन अंडी एकमेकांवर हलकेच वाजवून कुठलं तडकलंय ते आवाजावरून सांगणारी बाई. आसपासचे लोक अंडी आणून देत आणि पिल्लं घेऊन जात. मधलं सगळं काम शेडमधल्या कपाटाचं. माणसापेक्षा उंच, काचेचं दार, आत ट्रेवर ट्रे. ऊब देणारी कॉइल, वारा फिरवणारा पंखा, आणि ट्रे एकदा या कुशीला एकदा त्या कुशीला कलते करणारी मोटर. बसलेली कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, तेच काम.

एका दुपारी त्या कपाटाचं डोकं जळालं. म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर ते चालायचं त्यातून धूर आला. दुरुस्तीवाला आला, वाकून वास घेतला आणि सरळ झाला. "हे मॉडेल बनवणारे लोकसुद्धा आता हयात नसतील. नवं कपाट घ्या."

भाऊ आधीच कंटाळलेला होता. कोपऱ्यावरचा टायरवाला कधीचा मागं लागला होता, शेड मला गोदामाला द्या म्हणून. त्या दिवशी जेवताना भावानं विषय काढला.

"देऊन टाकू म्हणतो. टायर ना खातात, ना मरतात."

वहिनीनं ताट बाजूला सारलं. "मी जिवंत असेपर्यंत त्या शेडमध्ये रबराचा वास येणार नाही."

"अगं यंत्र मेलंय. मग काय मी उबवू अंडी?"

"बसा की. नाहीतरी दिवसभर बसूनच असता."

आत्या पाणी प्यायली, पेला पालथा घातला आणि म्हणाली, "तुमचं झालं असेल तर मी बोलते. कॉइल चालू आहे, पंखा चालू आहे, मोटर चालू आहे. धड शाबूत आहे, नुसतं डोकं गेलंय. डोकं मी बसवते."

"तुझं डोकं बसवलंस तर पिल्लं भिऊन आतच राहतील," भाऊ म्हणाला.

"दादा, दे मला एक खेप."

भावानं विचार केला. बायको एकीकडं, बहीण दुसरीकडं, मध्ये आपलं ताट. "बरं. एक खेप. नीट निघाली तर शेड तुमची. नाही निघाली तर टायरवाल्याला किल्ली, आणि मग कुणी माझ्या नावानं रडायचं नाही." वहिनीनं हे त्याच्याकडून मुलांच्या गळ्याची शपथ घालून परत म्हणवून घेतलं.

आत्यानं ट्रंकेतून एक बोर्ड काढला आणि त्यात बाजारचा तयार मुकादम घातला. तो इतका सावकाश उठला, की तोवर चहा करून पिऊन कप धुवून झाला. आणि उठूनही उपयोग नाही, कारण कपाटातलं जे जुनं कार्ड कॉइल आणि मोटर सांभाळायचं, त्याला तो ओळखेचना. जुन्या लोकांची नावं नव्या मुकादमाच्या यादीतून केव्हाच खोडली गेली होती. शिवाय आमच्याकडं लाईट म्हणजे माहेरवाशीण. कधी येईल, कधी जाईल, विचारायची सोय नाही. दर वेळी कपाटानं एवढा वेळ डोळे चोळत बसायचं म्हटलं तर अंडी गारठायची.

म्हणून आत्या स्वतःचा मुकादम घडवायला बसली. जुन्या कार्डाची ओळख जुन्या साठ्यातून शोधून काढली, हातानं ठाकूनठोकून नव्यात बसवली, आणि मग छाटणी सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला ती आपला कॉम्प्युटर घेऊन, दुसऱ्या बाजूला वहिनी उबवायची अंडी निवडत.

"वहिनी, कपाटाला गाणी वाजवायला लागतात?"

"लागली तर मी म्हणेन."

"मग नको. अंडी बरी निघायची असतील तर तूही म्हणू नको."

वहिनी हसली, आणि हसता हसता एक पातळ कवचाचं अंडं बाजूला पडलं. तिकडं पडद्यावरच्या यादीतली गाण्यांपुढची खूण उडाली.

पहिला मुकादम उठलाच नाही. दुसरा उठला आणि लगेच मान टाकून पडला. ज्या मेमरी कार्डावर त्याचं सगळं बिऱ्हाड, त्याचीच ओळख आत्यानं छाटणीच्या भरात उडवली होती. घरी आल्या आल्या घराची किल्ली विहिरीत टाकावी तसं झालं. मग तिनं कारखान्यातली युक्ती काढली. जाड्या मुकादमाला उठवायचं आणि हजेरी घ्यायला लावायची: या घडीला तुझ्यापुढं कोण कोण उभं आहे? जे हजर तेवढे ठेवायचे, बाकीचे एका फटक्यात घरी. तिकीट यंत्रात ही युक्ती कधी चुकली नव्हती. तिथं सगळे मजूर बोर्डालाच झाळून पक्के केलेले, गैरहजर राहणार कोण? त्याच सवयीनं तिनं मागाहून कुणाला आत घ्यायचं दारही बुजवून टाकलं. उगाच वाढीव दार कशाला?

हा मुकादम मात्र असा निघाला, की भावानं मेन स्विच पाडला, परत वर केला, आणि मागं वळून बघतो तोवर पंखा फिरत होता.

"हॅ, मघाचाच जोर उरला असेल," भाऊ म्हणाला आणि परत स्विच पाडला. परत पंखा. परत पाडला. शेवटी वहिनीनं हातावर चापट मारली, "स्विच तोडता का आता?"

"खरंच की गं," तो म्हणाला. "हे तर माझ्यापेक्षा लवकर उठतं."

"तुमच्यापेक्षा तर कोंबडीही लवकर उठते," वहिनी म्हणाली. पण त्या दिवशी तिनं आत्याच्या चहात साखर चढती घातली.

काम झाल्यावर आत्यानं आपल्या कॉम्प्युटरमधला सगळा पसारा पुसून टाकला. मुकादम घडवताना निघालेले अर्धे-कच्चे तुकडे असतात, त्यांचा ढीग साठतो. दुसरा एखादा तो ठेवून देता. आत्या कशाची ठेवतेय? स्वयंपाक झाला की भांडी घासलीच पाहिजेत.

कपाट भरलं. ट्रे या कुशीवरून त्या कुशीवर होऊ लागले. लाईट जायची, यायची, कपाट डोळा उघडून लगेच कामाला लागायचं. वहिनीनं अंडी दिव्यापुढं धरून पाहिली तर आत लाल शिरांची जाळी आणि मधे फडफडणारा ठिपका. भाऊ "सहज आलो होतो" म्हणत शेडमध्ये डोकावायला लागला. सहज येणाऱ्या माणसाच्या फेऱ्या वाढल्या की समजावं, मासा गळाला लागला.

आणि शेवटच्या दिवसांत, भर सकाळी, घोडं पेंड खाऊ लागलं.

अंड्याचं असं आहे, की सुरुवातीला त्याला ऊब द्यावी लागते. पण पिल्लू वाढलं की ते स्वतःच शेगडी होतं. एवढ्या शेगड्या एका कपाटात कोंडल्यावर आत भट्टी व्हायला वेळ लागत नाही. त्यासाठी कपाटामागं गार पाण्याची नळी होती, आणि नळीची झडप उघडणारी एक वेगळी छोटी पेटी. त्या पेटीची वायर मात्र वहिनी कायम काढून, गुंडाळून वर खिळ्याला टांगून ठेवायची. उंदरांना तीच वायर आवडायची, आणि पेटी लागायची फक्त खेपेच्या अखेरीस. वर्षानुवर्षांचा तिचा शिरस्ता.

त्या सकाळी तिनं वायर खाली काढली आणि बोर्डाला लावली. पेटीचा दिवा लागला. झडप हलली नाही. काचेमागचा पारा वर चालला.

"वन्सं! अहो वन्सं! तुमचा मुकादम पाण्याला ओळखत नाही!"

आत्या ओल्या केसांनी धावत आली. पडद्याकडं बघितलं, वायरीकडं बघितलं.

"ही वायर कुठं होती?"

"खिळ्याला."

"मी हजेरी घेतली तेव्हा?"

"खिळ्यालाच की. उंदीर कुरतडतात. आणि हजेरी घेताय हे मला कुठं सांगितलंत?"

आत्या स्टुलावर बसली. आयुष्यभर तिनं जगातले सगळे मजूर हिशेबात धरले आणि काढले, पण उंदीर कधी धरला नव्हता.

"दार उघडं होतं ना, मागून घ्यायचं?" भावानं विचारलं. एवढ्या दिवसांत ऐकून ऐकून तोही दोन शब्द शिकला होता.

"बुजवलं."

"मग ते तुकडे? त्यातून नवा कर."

"पुसले. भांडी घासून ठेवलीत मी, दादा. चूल पहिल्यापासून पेटवावी लागणार. दुपार होईल."

"दुपारपर्यंत आत ऑम्लेट होईल!"

"तोंड नका वाजवू," वहिनी ओरडली, "हात चालवा! त्या झडपेला तार लावून उघडता येत नाही का?"

येत होती. पेटीला वळसा घालून तार टेकवली की झडप उघडायची, काढली की मिटायची. पण उघडी ठेवली तर अंडी गारठणार, मिटलेली ठेवली तर भाजणार. तेव्हा भाऊ कपाटामागं तार धरून उकिडवा बसला, वहिनी काचेला नाक लावून उभी राहिली.

"लावा!… सोडा!… अहो सोडा म्हटलं ना! सोडायला सांगितलं की घट्ट धरता, आणि एरवी धरायला सांगितलं की सोडता!"

"संसार काढू नको, पारा बघ!"

इकडं आत्यानं पेटीचे स्क्रू काढले, आतल्या काळ्या चकतीवरचं बारीक नाव भिंग लावून वाचलं, यादीत त्या नावापुढं खूण केली आणि मुकादम नव्यानं घडवायला टाकला. आणि तोवर, बहुधा जन्मात पहिल्यांदा, तिनं काढायचं नव्हे तर घालायचं काय ते विचारलं.

"वहिनी, आणखी काय काय खिळ्याला आहे? आज लागत नाही, कधीच लागलं नाही, तरी सांग."

वहिनी काचेवरून नाक न काढता म्हणाली, "भोंगा आहे. आत फार गरम झालं की बोंबलतो. यांची दुपारची झोप मोडते म्हणून मीच काढून फळीवर ठेवला… लावा!… आणि तो ओल मोजायचा काटा, तो धुवायला काढला होता. सोडा!"

आत्यानं भोंगा आणला, काटा आणला, सगळे लावले, परत हजेरी घेतली, आणि या वेळी मागून आत यायचं दारही उघडं ठेवून सगळं पहिल्यापासून चालू केलं.

आता आत्याचा कॉम्प्युटर तापायला लागला. तो तापला की हळू चालतो. "टेबलफॅन दे," ती वहिनीला म्हणाली.

"टेबलफॅन अंड्यांना लावलाय."

"हा बंद पडला तर अंडी गेलीच."

"आणि अंडी गेली तर याला काय चाटायचंय?"

कुणाचंच खोटं नव्हतं. आत्यानं घमेल्यात पाणी ओतलं, त्यात ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलं, त्यावर कॉम्प्युटर ठेवला. पातेल्याचं बूड गार, त्यावर कॉम्प्युटरचं बूड गार. पडद्यावर ओळी परत भराभर धावू लागल्या. भावानं मागून मान वाकडी करून पाहिलं. "बये, तू त्याला उकडायला ठेवलंयस का?"

"तू तुझी तार बघ."

त्या उकिडव्या बसण्यात भावाच्या पायांना मुंग्या आल्या, घामानं बंडी पाठीला चिकटली, पण तो उठला नाही. मध्येच टायरवाल्याचा फोन वाजला तर म्हणाला, "नंतर. हातात काम आहे." वहिनीनं काचेवरून नाक काढून एकदा नवऱ्याकडं वळून बघितलं आणि परत पाऱ्याकडं बघितलं.

दुपार डोक्यावर आली तेव्हा मुकादम तयार झाला. मेमरी कार्डावर चढवला. आत्यानं कपाट बंद केलं, कार्ड बदललं, वर बघितलं. "दादा, तार सोड. पूर्ण सोड. बाजूला हो."

"सोडू? नक्की?"

"सोड."

पंखा घुमला. पडद्यावर चार ओळी आल्या आणि थांबल्या. पारा चढत होता. भाऊ तार हवेत धरून तसाच, अजून थोडा चढला तर परत टेकवायच्या बेतात.

आणि मग, पहिल्यांदा, भोंगा बोंबलला. भाऊ असा उडाला की घमेलं कलंडलं. आत्यानं कॉम्प्युटर वरच्यावर झेलला. आणि त्या बोंबेतच कपाटामागून खट्ट आवाज आला, नळी थरथरली आणि गार पाणी सळसळत पाइपातून आत गेलं. पारा थबकला. मग एक रेघ उतरला. मग आणखी एक. भोंगा गप्प झाला. थोड्या वेळानं खट्ट करून झडप आपली आपण मिटली.

"उघडतेय! मिटतेय!" वहिनी नाचायची ती नाचलीच, आडवा बांधा असूनही. "वन्सं, ओळखलं हो त्यानं! पाण्याला ओळखलं!"

आत्या ओल्या फरशीवर बसली, कॉम्प्युटर पोटाशी धरून, आणि हसायला लागली. तिला असं दात दाखवून हसताना बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भावानं हातातली तार बघितली आणि खिडकीतून बाहेर फेकून दिली.

त्यानंतर कपाटाला कुणी हात लावला नाही. मुकादमाला जेव्हा वाटलं तेव्हा त्यानं पाणी घेतलं, वाटलं तेव्हा सोडलं. मग एका सकाळी वहिनीनं काचेला कान लावला आणि हातानंच सगळ्यांना गप्प बसवलं. आतून टकटक ऐकू येत होतं. एका अंड्यावर बारकी चीर, मग दुसऱ्यावर, मग कुठं कुठं बघायचं तेच कळेना. ओली, केविलवाणी, टक्कल पडल्यासारखी पिल्लं कवचं ढकलून बाहेर पडत होती, पडल्या पडल्या दमून झोपत होती, आणि वाळली की अशी गुबगुबीत होऊन किंचाळत होती, जणू एवढा उशीर का म्हणून आम्हालाच जाब विचारताहेत. ट्रेमागून ट्रे भरले. न फुटलेली इतकी थोडी राहिली, की वहिनी म्हणाली, खुद्द कोंबडीला सांगितलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही.

त्याच वेळी टायरवाला दारात आला. हातात मोजायची फीत. फोन उचलत नाहीत म्हणून समक्षच आला होता.

भाऊ सामोरा गेला. त्याच्या दोन्ही खिशांतून पिल्लांची डोकी बाहेर आली होती.

"शेड मोजून घ्यावी म्हटलं," टायरवाला म्हणाला. "आपलं बोलणं झालं होतं."

"काय?"

"बोलणं! झालं होतं!"

"ऐकू येत नाही हो!" भाऊ ओरडला, आणि खरंच येत नव्हतं, आत एवढा कलकलाट होता. "शेडचं मालकीणबाईंना विचारा! माझ्याकडं आता फक्त खिसे आहेत!"

टायरवाल्यानं आत मान घातली. वहिनी मांडीत ट्रे घेऊन बसली होती, पिल्लं खोक्यात भरत होती, आकडा चुकत होता, परत पहिल्यापासून मोजत होती. तिनं वर बघितलं.

"आलात? बरं झालं. मोजायलाच आलाय ना? मग बसा इथं, पिल्लं मोजा. आमची मोजून संपेनात."